दारू सुटली, पण मजा कुठं गेली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी गेलेली माणसं आणि त्यांच्या घरचे जे फोनवर विचारतात, फेरतपासणीला आल्यावर विचारतात, आणि बरेचदा निघता निघता दारात थांबून हळूच विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच बोलीत ठेवलेत. कुणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. बहुतेक प्रश्न दारूचे आहेत, कारण आमच्याकडं येणाऱ्यांत दारूवालेच जास्त. तंबाखू, गांजा, झोपेच्या गोळ्या यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

उत्तरांआधी आमचं एक मत सांगून ठेवतो. आपल्या मराठवाड्यात दारू सोडलेल्या माणसानं मान खाली घालून राबावं, उधारी फेडावी, हसणं-खेळणं पुढं कधीतरी बघावं, अशी घरच्यांची आणि गावाचीही अपेक्षा असते. आम्हाला ती पटत नाही. ज्याच्या दिवसात सुखाची एकही घटका नाही, तो दारूपासून किती दिवस लांब राहील याची खात्री कुणीच देऊ नये. म्हणून मजा आम्ही औषधाच्या चिठ्ठीवरच लिहितो.

दारू सोडून दोन-अडीच महिने झाले. अंगावर मास आलं, पण कशातच मन लागत नाही. जेवणाला चव नाही, टीव्ही नको, लेकरं जवळ आली तरी नको वाटतं. माझं डोकं बिघडलं का?

नाही. हे इतक्या जणांना होतं की डॉक्टरांकडं त्याला ॲनहेडोनिया असं स्वतंत्र नाव आहे.

भुकेच्या वेळी भाकरी, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी, लेकराचं हसणं, अशा गोष्टींनी मेंदूत डोपामिन नावाचं रसायन थोडं थोडं सुटतं. दारू तेच रसायन जोरात सोडायला लावते, आणि रोज. मेंदू मग स्वतःच्या बचावासाठी डोपामिन टिपणारी ठिकाणं कमी करतो. रात्रभर वरातीत डीजेला चिकटून उभं राहिलेल्या माणसाला सकाळी घरातलं बोलणं नीट ऐकू येत नाही, तसलाच हा प्रकार. घरातले हळू बोलत नसतात.

हे भरून येतं का? २००१ साली अमेरिकेत नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथॲम्फेटामिन नावाचा नशेचा पदार्थ सोडलेल्या पाच जणांच्या मेंदूचं स्कॅन दोनदा केलं. पहिलं सोडल्यानंतर सहा महिन्यांच्या आत, दुसरं एक ते दीड वर्षाच्या सुमारास. दुसऱ्या वेळी डोपामिनची ने-आण करणारी प्रथिनं बरीच वाढलेली दिसली. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्या मात्र तेवढ्या सुधारल्या नव्हत्या. माणसं पाचच होती आणि तो पदार्थही आपल्याकडचा नव्हे, तरी मेंदू सावरायला लागतो हे त्यातून दिसलं, आणि त्याला महिने लागतात हेही. अडीच महिन्यांत चव आली नाही म्हणून घाबरू नका.

शेवटी शेवटी पिण्यात काहीच मजा नव्हती. उलट्या व्हायच्या. तरी अजून ओढ लागते. असं कसं?

मेंदूत हवंसं वाटण्याची वाट वेगळी आणि आवडण्याची वेगळी आहे. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज या दोन शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ही मांडणी केली. व्यसन वाढत जातं तसं हवंसं वाटणं वाढतं, आवडणं तिथंच राहतं किंवा घटतं. म्हणून बाटलीचा नुसता आवाज आला तरी जीव खालीवर होतो आणि घशाखाली मात्र सुख उतरत नाही. ओढ लागली म्हणजे अजून आवडते, असा अर्थ काढू नका. बरीच माणसं हाच अर्थ काढून पुन्हा गुत्त्यावर जातात.

मग मजा कधी परत येईल? अंदाजे तरी सांगा.

तारीख सांगता येत नाही, क्रम सांगता येतो. आधी भूक येते. झोप बरेचदा महिनोन् महिने कच्ची राहते, मध्येच दचकून जाग येते. चिडचिड येते-जाते. कुठल्याशा गोष्टीत मन रमणं सगळ्यात उशिरा येतं, आणि तेही सलग येत नाही: एखादा दिवस छान जातो, पुढचे चार पुन्हा कोरडे.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. दोन आठवड्यांच्या वर सतत उदास, सकाळी उठवत नाही, आपण असून काही उपयोग नाही असं वाटतं, मरणाचे विचार येतात, तर ते डिप्रेशन असू शकतं. त्यासाठी थांबून बघू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, त्यावर उपचार आहेत. कर्ज, नापिकी आणि दारू एका घरात असतील तर घरच्यांनी फवारणीचं औषध कुलपात ठेवावं. हे बोलायला अवघड आहे, पण आम्ही प्रत्येक घराला सांगतो.

हे वाचून ठरवलं, आज रात्रीपासून एकदम बंद!

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकट्यानं एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, फिट येणं, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होऊन माणूस बरळायला लागणं, हे जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग बंद. पहिल्या आठवड्यात औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व लागतं, ते डॉक्टरच ठरवतात.

दिवस कामात जातो. संध्याकाळी सहा वाजले की काय करावं सुचत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

दिवेलागण ही तुमची पिण्याची वेळ होती. शरीराला ती पाठ आहे. घड्याळ न बघता त्याला कळतं. त्या वेळी तुम्ही चार गोष्टींपैकी कशात आहात ते आधी तपासा: भूक, राग, एकटेपणा, थकवा. बहुतेक वेळा पहिलीच निघते. दुपारी बाराला खाल्लेलं असतं आणि सहाला पोट रिकामं. म्हणून साडेपाचला काहीतरी खाऊन घ्या. चुरमुऱ्याचा सुशीला करायला दहा मिनिटं लागतात. सकाळचं धपाटं आणि दही असेल तर तेही लागत नाहीत. पोट भरल्यावर ओढ थोडी ढिली पडते, हे आठवडाभर करून बघा.

दुसरं, घरी येण्याची वाट बदला. दुकानावरून जाऊन मन घट्ट ठेवण्यापेक्षा अर्धा किलोमीटर लांबून येणं सोपं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मन लागेल तेव्हा करीन, असं म्हणून बसू नका. या काळात मन आधी लागत नाही, करायला लागल्यावर लागतं. याचा एक साधा कागद आम्ही देतो. सकाळी लिहायचं की आज संध्याकाळी काय करणार आणि त्यात दहापैकी किती मजा येईल असं वाटतं. रात्री लिहायचं की प्रत्यक्षात किती आली. सकाळी लोक एक-दोन लिहितात. रात्री चार-पाच निघतात, कधी शून्यही निघतं. पंधरा दिवसांचा कागद समोर ठेवला की माणसाला स्वतःच कळतं, आपला अंदाज रोज कमी पडतोय. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढा. एका बाबांनी गोठ्यात ओढल्या होत्या आणि म्हशीला पाणी दाखवण्याला पाच रेघा होत्या.

आणि हे आमच्याच डोक्यातून आलेलं नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात हंट आणि ॲझरिन यांनी दारूच्या रुग्णांसाठी नवी पद्धत वापरून पाहिली. नोकरी, घरातले संबंध, करमणूक, सगळं त्यांनी मुद्दाम उभं करून दिलं. एक जुनं दारूचं दुकान घेऊन तिथं दारूविना क्लब काढला: पत्ते, नाच, जेवण, शनिवारची संध्याकाळ. ज्यांना हे मिळालं ते नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा कितीतरी कमी प्यायले. आपल्या तालुक्याच्या गावात संध्याकाळी सातनंतर बसायला चहाची टपरी आणि बार याखेरीज काय आहे, ते एकदा मोजून बघा.

छंदबिंद पैसेवाल्यांचं काम हो. आमच्याकडं काय आहे?

गिटार शिका, पोहायला जा असं आम्ही म्हणत नाही. दारू लागण्याआधी, चौदा-पंधरा वर्षांचे असताना तुम्ही काय करत होता, ते आठवा. कुणी विहिरीत उड्या मारत होतं, कुणी जत्रेत रेवडीची कुस्ती खेळत होतं, कुणाला गळ टाकून मासे धरायचा नाद होता. त्यातलं आज झेपेल ते काढा. आता तुम्ही कुस्ती खेळू नका, पण गावच्या तालमीत पोरांना डाव दाखवायला जाता येतं.

भजनी मंडळ जवळपास प्रत्येक गावात आहे. हा मुलूख नामदेवांच्या नर्सीचा, जनाबाईंच्या गंगाखेडचा, एकनाथांच्या पैठणचा. इथं भजनाला बसायला प्रवेश फी नाही. श्रद्धा असो नसो, आम्हाला भजनाचं कौतुक वेगळ्या कारणासाठी आहे. टाळ धरला की हाताला काम मिळतं. पाच-दहा जण एका लयीत आले की एकटेपणा जातो. आणि मुख्य म्हणजे ते नेमक्या दिवेलागणीनंतर असतं.

आमच्याकडं आलेल्या एका गृहस्थांनी पखवाज धरला. हात थरथरायचे, म्हणून लाजायचे. मंडळातल्या म्हाताऱ्या वादकानं त्यांना महिनाभर वाजवूच दिलं नाही. काम एकच: कणीक मळून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची. पाणी जास्त झालं की गोळा गळून पडायचा, कोरडा राहिला की कातडं बोलायचं नाही. बोटानं थापून, थाप मारून ऐकायचं, थोडी काढायची, पुन्हा ऐकायचं. वाजवून झालं की खरवडून काढायची. ‘धा’ वाजवायला मिळाला तोवर हात बराच स्थिर झाला होता. त्यांच्या कागदावर त्या महिन्यात सगळ्यात जास्त आकडे कणकेपुढं आहेत.

भजनाची एक अडचणही सांगतो. काही मंडळांत दोन अभंगांच्या मध्ये तंबाखूची डबी फिरते. तंबाखूही सोडलेली असेल तर डबी फिरायच्या वेळी पाणी द्यायला उठा, किंवा मंडळाला सरळ सांगा. वारकरी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हुरड्याला बोलावतात. जाऊ का?

कुणाच्या शेतात आणि कोण कोण, यावर आहे. घरच्यांसोबत, दिवसा, जरूर जा. गुळभेंडी ज्वारीचं कोवळं कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजायचं, गरम असतानाच हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे तिळाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. चोळताना तळहात भाजतो, त्यामुळं दुसरं काही सुचत नाही, हाही एक फायदाच. रात्रीच्या ‘हुरडा पार्टी’त मात्र हुरडा नावालाच असतो, तिथलं आवतन टाळा.

आणि कंदुरी, वरात, मेहुण्याचं लग्न?

पहिलं वर्ष कंदुरीला, म्हणजे नवसाच्या मटणाच्या जेवणाला, जाऊ नका. नवस आमच्या घरचा असेल तर? मग देवाचं करून, जेवून, दिवस मावळायच्या आत निघा. नैवेद्याला कुणी बाटली मागत नाही, ती नंतर येते.

लग्न टाळता येत नाही. तिथं जाताना आपला एक माणूस सोबत असावा, गाडीची चावी आपल्याकडं असावी, आणि ‘घे रे एक घोट’ म्हणणाऱ्याला द्यायचं उत्तर घरूनच ठरवून जावं. ‘गोळ्या चालू आहेत’ एवढं पुरतं. वरातीत दारूशिवाय नाचता येत नाही असं बरेच जण सांगतात. पहिल्या वेळी खरंच अवघडल्यासारखं होतं, सगळे आपल्याकडंच बघतात असं वाटतं. कुणी बघत नसतं, ते प्यालेले असतात. लहान लेकरांच्या घोळक्यात शिरून नाचा, त्यांना काही फरक पडत नाही.

लातूर-धाराशिवकडच्या मंडळींना येळवस वेगळी सांगायला नको. मार्गशीर्ष अमावस्येला कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, अंबील, सगळं गाव शेतात. वर्षातला एक अख्खा दिवस असा, की आनंद भरपूर आणि दारूचं काम नाही. या दिवशी चार पाहुणे तुम्ही स्वतः बोलवा. जेवायला वाढणारा माणूस होऊन बघा. अंबील आंबट असते म्हणून काही जण विचारतात: ती ताकासारखी आंबते, नशा येण्यासारखं त्यात काही नसतं, खुशाल प्या.

मला दुःखात नाही, आनंदात प्यावी वाटते. सोयाबीनची पट्टी हातात आली की पाय वळतात.

हे फार जणांचं आहे आणि याविषयी बोललं कमी जातं. पैसा हातात येण्याचा दिवस आधी माहीत असतो, त्याचा फायदा घ्या. पैसे शक्यतो बँक खात्यात घ्या. अडतीवर घरचं माणूस सोबत न्या. आणि त्या दिवशी काहीतरी चांगलं करायचंच, हे नक्की ठरवून जा. काहीच केलं नाही तर मनाला आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं आणि रात्री ते वसुली करतं. लेकीला चप्पल, घरी मटण, कुंथलगिरीचा पेढा, बायकोबरोबर तुळजापूर. खर्च दोनशे असला तरी चालेल, पण तो सुखासाठीच केलेला असावा आणि घरच्यांनी त्याचा हिशोब विचारू नये.

बीअर तर हलकी असते. शिंदी झाडाची. भांग महादेवाची. यातलं काय चालेल?

काहीच नाही. बीअर ही दारूच. नांदेडकडून, देगलूर-बिलोलीकडून येणाऱ्यांसाठी मुद्दाम: झाडावरून उतरवलेली ताजी शिंदीसुद्धा तासातासानं चढत जाते, आणि सीमेपलीकडच्या तेलंगणात तिच्यात झोपेच्या गोळ्यांची पूड आणि क्लोरल हायड्रेट मिसळल्याचे प्रकार वारंवार उघड झाले आहेत. ती एकदम सोडली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना शिंदी घेत होतो हे स्पष्ट सांगा.

आसव आणि अरिष्ट प्रकारच्या आयुर्वेदिक औषधांत आंबून तयार झालेलं अल्कोहोल असतं, काही खोकल्याच्या औषधांतही असतं. डायसल्फिरामची गोळी (दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून डॉक्टर देतात ती) चालू असणाऱ्यांनी ती अजिबात घेऊ नयेत. चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब उतरणं, असं होऊ शकतं. आणि ही गोळी घरच्यांनी भाजीत कालवून चोरून देऊ नये. माणूस बाहेर जाऊन प्यायला तर त्याच्या जिवाला धोका आहे.

दारू सोडली आणि मोबाइलवर रमी लागली. निदान घरात तर बसतो!

घरात बसून शेत जातं. मटका, तीन पत्ती, रमी यांची ओढ त्याच वाटेनं येते. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आणली, तरी लिंका फिरतच राहतात. पैसे न लावता पारावर पत्ते खेळायला आमची हरकत नाही. रीलचं काय? तासभर बघून उठल्यावर बरं वाटतं की अजून चिडचिड होते, ते तुमच्या कागदावर लिहा आणि आम्हाला दाखवा.

गोड फार खावंसं वाटतंय. आधी कधी खात नव्हतो.

सर्रास होतं. पहिले काही महिने गूळ-शेंगदाणे, केळी, हंगामात सीताफळ किंवा मोसंबी जवळ ठेवा. बीड आणि जालन्यात याची वानवा नाही. साखरेचा आजार असेल तर आधी रक्त तपासा. चहा मात्र दिवसाला बारा-पंधरा कपांवर जातो आणि मग झोप नाही म्हणून तक्रार येते. दुपारी चारनंतर चहा बंद.

आमच्या मालकांनी दारू सोडली, देवाची कृपा. पण आता रोज भजन, मीटिंग, मित्र. आधीही घरात नव्हते, आताही नाहीत. मी बोलले की म्हणतात, डॉक्टरांनीच सांगितलंय.

ताई, तुमचा राग खरा आहे. इतकी वर्षं घर तुम्ही ओढलं, आणि आता मजेचं औषध फक्त त्यांनाच कसं? आमच्या चिठ्ठीत बदल करून घ्या. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी घरच्यांसाठी राखीव. एक संध्याकाळ तुमची: त्या दिवशी स्वयंपाक आणि लेकरं त्यांच्याकडं, तुम्ही माहेरी जा, बचत गटात बसा, नाहीतर शेजारणीबरोबर टीव्ही बघत बसा. सुरुवातीला तुमचं लक्ष लागणार नाही, फोन करून करून विचाराल. ‘आले का, बोलताना जीभ जड वाटते का’ ही कान लावून बसायची सवय दारू सुटल्यावर लगेच सुटत नाही. तिलाही वेळ द्या. अल्-अनॉन नावाचे गट व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठीच असतात, जवळ असेल तर जा.

आणि एक विनंती. ते हसले, मोठ्यानं बोलले, खुशीत आले की तोंडाचा वास घेऊ नका. संशय आला तर सरळ विचारा. प्रत्येक हसण्याची झडती झाली की माणूस घरात हसायचं बंद करतो.

विचारायला लाज वाटते. बायकोजवळ जावंसंच वाटत नाही, आणि गेलो तर जमत नाही.

लाजू नका, दर दुसरा माणूस हे विचारायला आलेला असतो आणि ॲसिडिटीवर बोलून परत जातो. वर्षानुवर्षांच्या दारूनं पुरुषी हार्मोन घटतो, नसांवर आणि लिव्हरवर परिणाम होतो. बऱ्याच जणांचं काही महिन्यांत सुधारतं. त्यात ‘आज जमेल का’ ही धास्ती भर घालते. बसस्टँडमागच्या जाहिरातीतल्या गोळ्या घेऊ नका. साखर, रक्तदाब तपासून डॉक्टरांशी बोला, मनाच्या गोळ्यांमुळंही कधी असं होतं आणि त्या बदलता येतात. दुसरी बाजूही आहे. पिऊन आल्यावर अंगावर येणाऱ्या माणसाची तुमच्या बायकोला वर्षानुवर्षांची भीती असेल. तिला नको असेल तर नको. आधी नुसतं शेजारी बसून बोलणं परत येऊ द्या.

मी बाई आहे, मिसरी सुटत नाही. सकाळी मिसरी लावत बसायचं तेवढंच माझं सुख आहे.

काकू, हे तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तोंडाच्या कॅन्सरचा धोका तिच्यातही आहेच. पण तुमच्यासाठी ती दहा मिनिटं कुणी हाक न मारण्याची आहेत. ती दहा मिनिटं सोडू नका, मिसरी सोडा. त्याच जागी, त्याच वेळी बसा, तोंडात बडीशेप किंवा ओवा ठेवा. पहिला आठवडा जड जातो, महिनाभरात तलफ बरीच उतरते. सुनेला सांगून ठेवा, या वेळी हाक मारायची नाही.

माळ घातली की सुटते म्हणतात. खरं का?

माळ घालून सुटलेली माणसं गावोगाव आहेत, आम्ही नाकारत नाही. माळेबरोबर सोबत मिळते, एकादशी मिळते, आषाढीची वाट बघणं मिळतं, आणि कुणी ग्लास पुढं करत नाही. त्यातच तिची ताकद आहे. पण फिट, झोप, उदासी यांवरचे उपचार माळेसोबत चालू ठेवा. आणि घसरल्यावर पापाच्या धास्तीनं तोंड लपवू नका.

आम्ही कोयत्याचे लोक. दसरा झाला की ऊसतोडीला जातो. तिथं कसली मजा?

खोटं बोलणार नाही, फडावर हे फार अवघड आहे. पहाटे अंधारात काम सुरू, थंडी, अंगदुखी, आणि दारू-तंबाखू हेच तिथलं वेदनाशामक. मुकादमाची उचल डोक्यावर असते ती वेगळी. जमेल तेवढं सांगतो: निघण्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत घ्या, अंगदुखीवर डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्या, आणि न पिणाऱ्यांची कोपी शेजारी घ्या. रात्री गावाकडं लेकरांना फोन, ठरलेल्या वेळी. गाडी भरायची नसेल त्या दिवशी गरम पाण्यानं आंघोळ. आमच्या कागदावर फडावरून आलेल्या माणसांनी सगळ्यात जास्त आकडे या आंघोळीला दिलेत.

सात महिने राहिलो आणि पोळ्याला घसरलो. सगळं पाण्यात गेलं का?

सात महिन्यांत मेंदू जेवढा सावरला तो एका रात्रीत पुसला जात नाही. धोका दुसऱ्या दिवशी असतो, ‘आता काय राहिलं’ म्हणून जी पुढं चालू राहते त्यात. त्याच दिवशी फोन करा. कागद काढा आणि पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस बघा. बहुधा आकडे आधीच घटलेले असतात, किंवा कागद भरायचाच थांबलेला असतो. अफू, हेरॉइन किंवा तसल्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी मात्र वेगळी सूचना: मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वीचं प्रमाण घेतलं तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो.

फोन कुठं करायचा?

व्यसनासाठी केंद्र सरकारचा मोफत क्रमांक १४४४६. मन फार खचलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेली-मानस १४४१६, दिवसरात्र आणि मराठीतही. प्रत्यक्ष दाखवायचं तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं, किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगा मराठीत होतात, फी नसते, नाव विचारत नाहीत. डॉक्टरांकडं जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, आणि कागद भरलेला असेल तर तोही.